बॉनेटवरचा सूर्य

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या शेजाऱ्यांनी त्यांची गाडी डिटेलिंगवाल्याकडे दिली होती. डिटेलिंग म्हणजे नुसतं गाडी धुणं नव्हे. रंगावर घट्ट बसलेली धूळ आणि डांबराचे ठिपके मळलेल्या मातीसारख्या एका मऊ गोळ्यानं उचलून काढतात, मग बफिंगच्या यंत्रानं पॉलिश करतात आणि शेवटी मेणाचा किंवा तशाच एखाद्या पदार्थाचा पातळ लेप देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीची पूजा झाली, झेंडूची माळ चढली आणि दुपारी बाराच्या लख्ख उन्हात आम्हाला बोलावणं आलं. "तुमचं काम प्रकाशावरच चालतं ना? मग गाडीचा एक झकास फोटो काढून द्या."

फोटो काढला. झकास काही आला नाही. गाडी गडद निळी, पण बॉनेट फोटोत राखाडी-पांढरं दिसत होतं. दारावर समोरची इमारत, तारेवरचे कपडे आणि कॅमेरा डोळ्याला लावलेले आम्ही स्वतः, असं सगळं उमटलं होतं. बॉनेटच्या वळणावर एक पांढराशुभ्र, आंधळा ठिपका होता. त्याच फोटोत झेंडूची फुलं मात्र हवी तशी केशरी होती! ऊन तेच, कॅमेरा तोच, मग फुलाचा रंग आला आणि गाडीचा कुठे गेला?

वर्गात विचारण्यासारखा हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधायला माणसाला सुमारे दीडशे वर्षं लागली. ते उत्तर चार पैशांत वापरता यावं म्हणून आणखी शंभरावर वर्षं गेली. गंमत म्हणजे हे शेवटचं काम ज्यानं केलं, त्याच्या डोळ्यांसमोर कॅमेरा नव्हताच. त्याच्यासमोर होती मोटारगाडी.

आधी गाडीकडेच नीट पाहू. आजच्या गाडीच्या पत्र्यावर रंगाचा थर असतो आणि त्याच्यावर पारदर्शक लाखेचा आणखी एक थर. उन्हाचा प्रकाश या लाखेवर पडला की त्याचे दोन वाटे होतात. एक लहानसा वाटा वरच्या पृष्ठभागावरूनच, आरशावरून परतावा तसा परततो. हा प्रकाश रंगाच्या कणांपर्यंत पोचलेलाच नसतो. त्यामुळे तो सूर्याचा असेल तर पांढरा, आकाशाचा असेल तर आकाशासारखा. उरलेला मोठा वाटा आत शिरतो, रंगाच्या कणांत धडपडतो, तिथे काही रंग गमावतो आणि उरलेला निळा रंग घेऊन सगळ्या दिशांना बाहेर पडतो. म्हणजे एकाच बॉनेटवरून आपल्याकडे दोन प्रकारचा प्रकाश येतो. एक चकाकीचा, एक रंगाचा. झेंडूची पाकळी खडबडीत आणि उजळ रंगाची. तिच्यावर चकाकी कमी, रंग जास्त. गडद गाडीचं उलटं. तिच्याकडून येणारा रंगाचा प्रकाश मुळातच थोडा, म्हणून चकाकी त्याच्यावर सहज मात करते. काळ्या गाडीचा फोटो म्हणजे तर बहुतेक वेळा आजूबाजूच्या परिसराचाच फोटो असतो.

चकाकीचा वाटा किती लहान? समोरून सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी लाखेवरून परततो तो जेमतेम ४ टक्के. मग इतका त्रास का व्हावा? कारण सूर्य फार तेजस्वी आहे. भर उन्हातल्या पांढऱ्या कागदापेक्षा सूर्याचं बिंब सुमारे पन्नास हजार पट तेजस्वी असतं. त्याचे चार टक्के म्हणजे कागदाच्या सुमारे दोन हजार पट! बॉनेट बाहेरच्या बाजूला फुगीर असल्यानं त्यातलं सूर्याचं प्रतिबिंब लहान होतं, पण त्याचं तेज कमी होत नाही. हा ठिपका कोणत्याही फिल्मवर किंवा आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात पांढराच येणार, आणि त्याला सांभाळायला उद्भासन कमी केलं तर बाकीची गाडी काळोखात जाणार. शिवाय प्रकाश जितका तिरपा पडेल तितकं परावर्तन वाढत जातं. लंबाशी ८० अंशांचा कोन करून आलेल्या प्रकाशापैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रकाश वरूनच परततो. दूर उभं राहून पाहिलं तर बॉनेट आकाशासारखं पांढरट दिसतं ते यामुळेच.

म्हणजे चांगला फोटो हवा असेल तर या दोन प्रकाशांना एकमेकांपासून वेगळं करायला हवं. पण दोन्ही प्रकाशच. त्यांच्यावर काही शिक्का असतो का?

एक स्फटिक, दोन प्रतिमा

सन १६६९ मध्ये डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचे प्राध्यापक रास्मुस बार्थोलिन यांनी एका स्फटिकावर छोटं पुस्तक प्रसिद्ध केलं. हा स्फटिक आइसलँडहून आलेला होता. काचेसारखा स्वच्छ, कलत्या विटेसारखा. अक्षरांवर ठेवला की प्रत्येक अक्षर दोनदा दिसे. आज आपण त्याला कॅल्साइट म्हणतो. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांमध्येही कॅल्साइटचे खडे सापडतात. खाणीजवळच्या शाळेतल्या मुलांना एखादा स्वच्छ तुकडा मिळाला तर बार्थोलिनचा प्रयोग त्यांना बाकावर बसून करता येईल.

हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सनं या दोन प्रतिमांची भूमिती आपल्या लहरींच्या कल्पनेतून सुरेख मांडली. त्याचा प्रकाशावरचा ग्रंथ १६९० मध्ये छापला गेला. पण एका गोष्टीपुढे त्यानं प्रांजळपणे हात टेकले. एका स्फटिकातून निघालेला किरण दुसऱ्या स्फटिकात सोडला तर तो कधी दुभंगे, कधी दुभंगत नसे. दुसरा स्फटिक कसा फिरवला आहे त्यावर ते ठरे. म्हणजे पहिल्या स्फटिकातून जाताना किरणाला काहीतरी झालेलं होतं. न्यूटनचं म्हणणं असं पडलं की किरणाला बाजू असतात, जशा एखाद्या पट्टीला असतात. कल्पना मोठी मार्मिक होती, पण पुढची शंभर वर्षं ती जवळजवळ तशीच पडून राहिली.

आणि या सगळ्याचा संबंध विचित्र स्फटिकांशी आहे, रोजच्या चकाकीशी नाही, असंच सगळे धरून चालले होते.

पॅरिसमधली एक संध्याकाळ

एतिएन-लुई मालुस हा फ्रेंच लष्करातला इंजिनीयर. नेपोलियनच्या १७९८ च्या इजिप्तच्या मोहिमेत तो होता. तिथे त्याला प्लेग झाला आणि त्यातून तो वाचला. परत आल्यावर लष्करी कामं सांभाळत तो प्रकाशाचा अभ्यास करत राहिला. १८०८ च्या सुरुवातीला फ्रान्सच्या विज्ञान संस्थेनं स्फटिकांतल्या या दुहेरी अपवर्तनाच्या गणिती उपपत्तीसाठी बक्षीस जाहीर केलं आणि मालुस कामाला लागला.

पुढची हकिकत त्याचा मित्र अरागो यानं सांगितलेली आहे. मालुस पॅरिसच्या ज्या रस्त्यावर राहत होता त्याचं नाव रू दांफेर, म्हणजे चक्क नरकाचा रस्ता. घराच्या खिडकीतून समोर लक्झेंबर्गचा राजवाडा दिसे. सूर्य मावळतीला आलेला, वाड्याच्या काचांवर झळाळी आलेली. मालुसनं हातातला स्फटिक डोळ्याला लावून त्या झळाळीकडे पाहिलं. सूर्याची दोन प्रतिबिंबं सारखीच दिसतील अशी त्याची अपेक्षा होती. स्फटिक फिरवला तसं त्यातलं एक मंद होत गेलं, आणखी फिरवल्यावर दुसरं. सूर्याकडे सरळ पाहिलं की असं काही होत नसे. काचेवरून परतताना सूर्यप्रकाशाला काहीतरी होत होतं!

मालुसला वाटलं, हा हवेचा परिणाम असावा. म्हणून त्यानं रात्री मेणबत्ती लावली आणि पाण्यावरून परतणारा तिचा प्रकाश स्फटिकातून पाहिला. पृष्ठभागाशी ३६ अंशांचा कोन केल्यावर तोच चमत्कार दिसला. म्हणजे हवा नव्हे, सूर्य नव्हे, स्फटिकसुद्धा नव्हे. साधं पाणी, साधी काच. स्फटिकातून जाताना किरणाला जी 'बाजू' मिळते, तीच त्याला नुसतं परावर्तित होऊनही मिळते.

आमच्या दसऱ्याच्या फोटोत काय होतं? सूर्य, चकचकीत पृष्ठभाग आणि समोर उभा माणूस. मालुसच्या खिडकीतही नेमकं तेच होतं. फरक एवढाच की त्याच्या हातात स्फटिक होता, आणि तो फिरवून बघायची बुद्धी त्याला झाली.

मालुस प्रकाशाला कण मानणारा. लोहचुंबकाला ध्रुव असतात तसे या कणांनाही असावेत आणि ते एका दिशेत लागत असावेत, असं समजून त्यानं १८११ मध्ये या गुणधर्माला 'पोलरायझेशन' हे नाव दिलं. आपण त्याचं 'ध्रुवीकरण' केलं. उपपत्ती चुकीची ठरली, नाव मात्र टिकलं, इतकं की निवडणुका आल्या की वर्तमानपत्रं ते रोज छापतात. १८१० मध्ये त्याला फ्रान्सचं बक्षीस मिळालं. फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटलेलं असताना लंडनच्या रॉयल सोसायटीनंही त्याला रमफर्ड पदक दिलं. ते कळवणारं पत्र लिहिलं टॉमस यंगनं, म्हणजे ज्याची लहरींची कल्पना मालुसच्या प्रयोगांमुळे अडचणीत आली होती त्यानंच. यंगनं ती अडचण पत्रात मान्यही केली. असं पत्र लिहिणं सोपं नसतं, हे संशोधनाच्या धंद्यातल्या माणसाला चांगलं ठाऊक असतं.

मालुस १८१२ मध्ये क्षयानं वारला. वय अवघं छत्तीस. त्याच्या शोधाचा अर्थ लावायला तो उरला नाही. तो अर्थ लावला ओगुस्तँ फ्रेनेलनं. १८२१ च्या सुमारास त्यानं ठामपणे मांडलं की प्रकाशाच्या लाटा अवतरंग आहेत, म्हणजे दोरी हलवावी तशी त्यांची थरथर प्रवासाच्या दिशेला आडवी होते. दोरी वरखाली हलवता येते, तशीच डावी-उजवीही हलवता येते. न्यूटननं म्हटलेल्या 'बाजू' त्या ह्याच. उन्हात सगळ्या दिशांची थरथर सरमिसळ असते. सपाट, आडव्या, चकचकीत पृष्ठभागावरून परतलेल्या प्रकाशात मात्र आडवी थरथर जास्त उरते. शिक्का हाच होता.

ब्रूस्टरचा कोन आणि जुनी काच

हा शिक्का केव्हा सर्वांत ठळक उमटतो, हे शोधलं स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरनं. निरनिराळ्या पदार्थांवर मोजमापं घेऊन १८१५ मध्ये त्यानं नियम मांडला की त्या आपाती कोनाचं टॅन गुणोत्तर म्हणजे पदार्थाचा अपवर्तनांक. पाण्याला हा कोन ५३ अंश येतो, आणि काचेला किंवा गाडीच्या लाखेला ५६ अंशांच्या आसपास. त्या कोनात परतणारी चकाकी पूर्णपणे एकाच दिशेत थरथरणारी असते.

ब्रूस्टरची एक फजिती आम्हाला फार आवडते. सुरुवातीला काचेची मोजमापं त्याच्या नियमात बसेनात. कारण नंतर कळलं. काचेचा पृष्ठभाग हवेत राहून बदललेला होता. ताज्या पृष्ठभागावर मोजलं तेव्हा आकडे जुळले. धुळकट गाडीवरची चकाकीही अशीच विस्कटलेली असते. पोलरायझरचा खेळ खरा रंगतो तो नुकत्याच पॉलिश केलेल्या गाडीवर. डिटेलिंगवाला आणि ब्रूस्टर यांना हवा असलेला पृष्ठभाग एकच, म्हणायला हरकत नाही.

आता कॅमेऱ्यावर पोलरायझर लावला की काय होतं पाहू. पोलरायझर म्हणजे एकाच दिशेची थरथर पुढे सोडणारी चकती. ती अशी फिरवायची की आडवी थरथर अडेल. बॉनेटच्या पृष्ठभागाशी साधारण ३४ अंशांचा कोन होईल असं उभं राहायचं. बॉनेटजवळ उभा असलेला माणूस खाली पाहतो तेव्हा बहुधा तेवढाच कोन होतो. बॉनेटवरचं आकाश पुसलं जातं आणि खालून निळा रंग वर येतो. रंगाच्या कणांत धडपडून आलेल्या प्रकाशाला कसलीही ठराविक दिशा राहिलेली नसते, त्यामुळे त्यातला अर्धा तरी पोलरायझरमधून येतोच. पहिल्यांदा पाहणारा हमखास "अरे!" म्हणतो.

पण गाडी म्हणजे केवळ बॉनेट नाही. दार उभं असतं. उभ्या पृष्ठभागावरून परतलेल्या चकाकीची थरथर उभी असते. बॉनेट साफ करणारी चकती दाराची चकाकी बिनदिक्कत आत सोडते. दार साफ करायला ती ९० अंशांतून फिरवली की बॉनेटवर आकाश पुन्हा हजर! एकाच फोटोत दोन्ही साधत नाही. म्हणून हल्लीचे व्यावसायिक छायाचित्रकार कॅमेरा तिपाईवर घट्ट ठेवून, चकती फिरवत फिरवत अनेक फोटो काढतात आणि प्रत्येकातला चांगला भाग संगणकावर जोडतात. ऊन कललेलं असेल तर काम आणखी सोपं, म्हणून ते भर दुपारी काम करायचं टाळतातच.

आणि क्रोमच्या पट्ट्या? त्यांच्यावर चकतीचा जवळजवळ काही परिणाम होत नाही. धातूवरून परतणाऱ्या प्रकाशावर असा ठळक शिक्का उमटत नाही, हे मालुसच्याही लक्षात आलं होतं. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात. त्यांची चमचम पोलरायझरमधूनही कायम राहते, वरच्या लाखेची चकाकी तेवढी जाते. डोळ्यांना एकजीव दिसणारी चमक दोन ठिकाणांहून येते, हे अशा वेळी उघड होतं.

मागच्या काचेवर तर आणखी एक मौज दिसते. पोलरायझरमधून तिच्यावर ओळीनं गडद ठिपके उमटतात. गाडीच्या मागच्या आणि बाजूच्या काचा कडक करण्यासाठी तापवून त्यांच्यावर हवेचे झोत मारतात. जिथे झोत बसला तिथे काचेत ताण गोठतो आणि ताणलेली काच थोडीशी कॅल्साइटसारखी वागू लागते. हाही शोध ब्रूस्टरचाच. फोटो काढणाऱ्याला हे ठिपके म्हणजे डोकेदुखी, भौतिकीच्या शिक्षकाला मात्र फुकटचं प्रात्यक्षिक.

एक तक्रार पोलरायझरनं सुटत नाही. पॉलिश करूनही उन्हात बॉनेटवरच्या सूर्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल रेघांची वलयं दिसतात आणि मालक पॉलिशवाल्यावर उखडतो : "गोल गोल घासून वाट लावलीत!" खरं तर ओरखडे सगळ्याच दिशांना असतात. त्यांतले जे सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती आडवे येतात तेवढेच आपल्या डोळ्यांकडे प्रकाश फेकतात, म्हणून वलय दिसतं. पटत नसेल तर रोजच्या घासणीचं स्टीलचं ताट उन्हात धरा आणि डोकं हलवा. वलयाचं केंद्र तुमच्याबरोबर सरकेल. ओरखडे काही सरकत नाहीत.

कुत्र्याची लघवी, लाख आणि हेडलाइट

हे सारं विज्ञान १८२५ च्या आत तयार होतं. मग छायाचित्रकाराच्या हाती चकती यायला आणखी शंभरावर वर्षं का लागली? कारण चांगला पोलरायझर म्हणजे कॅल्साइटचा स्वच्छ, मोठा तुकडा. विल्यम निकोलनं १८२८ मध्ये त्याचे दोन तुकडे चिकटवून उत्तम प्रिझम बनवला, पण तो लहान, महाग आणि लांबट. सूक्ष्मदर्शकाला ठीक. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे लावायचा तर पंचाईत.

१८५२ मध्ये ब्रिस्टलचे एक डॉक्टर विल्यम हेरापथ यांना अनपेक्षित काहीतरी सापडलं. कुत्र्याला क्विनीन खाऊ घातलेलं होतं आणि त्यांच्या विद्यार्थ्यानं त्याच्या लघवीत आयोडीन टाकलं. त्यात हिरवट चमकदार स्फटिक तयार झाले. सूक्ष्मदर्शकाखाली दोन स्फटिक एकमेकांवर आडवे पडलेले असतील तिथे काळोख दिसे! कागदाहून पातळ असलेला हा स्फटिक पोलरायझर होता. हेरापथनं तो मोठा वाढवण्याची खटपट केली. पण स्फटिक अतिशय ठिसूळ, हात लावताच मोडणारे. ब्रूस्टरनं आपल्या कॅलिडोस्कोपवरच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांचा उल्लेख केला. त्यानंतर मात्र बराच काळ कोणी फारसं लक्ष दिलं नाही.

ते पुस्तक वाचलं एडविन लँड नावाच्या अमेरिकन मुलानं. जन्म १९०९. हार्वर्डमध्ये १९२६ मध्ये दाखल झाला आणि काही महिन्यांतच बाहेर पडून न्यूयॉर्कला आला. तोवर अमेरिकेत मोटारी लाखांच्या घरात विकल्या जात होत्या आणि रात्री समोरून येणाऱ्या हेडलाइटनी डोळे दिपून अपघात होत होते. लँडला वाटलं, हे थांबवता येईल. प्रत्येक गाडीच्या हेडलाइटवर आणि चालकासमोरच्या काचपट्टीवर ४५ अंशांत तिरपा पोलरायझर बसवायचा, सगळ्यांचा कल एकाच बाजूला. समोरासमोर आलेल्या गाड्यांत हे कल एकमेकांशी काटकोनात येतात. समोरच्याचा झोत अडतो, आपल्या दिव्यानं उजळलेला रस्ता मात्र दिसतो. कागदावर बिनतोड योजना. फक्त त्यासाठी कॅल्साइट नव्हे, वारानं विकता येईल असा पोलरायझर हवा होता.

हेरापथ मोठा स्फटिक मिळवण्याच्या मागे होता. लँडनं उलटा विचार केला. मोठा स्फटिक हवाच कशाला? असंख्य बारीक सुया करा आणि सगळ्या एका दिशेत लावा. त्यानं स्फटिक दळून दळून इतके सूक्ष्म केले की ते द्रवात तरंगत राहिले. लालसर काळा, अपारदर्शक द्रव. तो शक्तिशाली चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवला आणि चुंबक चालू केला. द्रव हळूहळू उजळत पारदर्शक झाला. निकोलचा प्रिझम फिरवून पाहिलं तर पांढरं, काळं, पांढरं, काळं. १९२९ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा तो विशीतही पुरता शिरला नव्हता.

या सुया ज्यात बसवल्या ते माध्यम होतं नायट्रोसेल्युलोज. हा योगायोग आम्हाला थांबून सांगावासा वाटतो. १९२३ पर्यंत गाड्यांना घोडागाडीचंच वार्निश देत, ते वाळायला आठवडे लागत. फोर्डच्या 'मॉडेल टी' मोटारी १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्याच मिळत. १९२३ मध्ये ड्यूपाँ कंपनीची नायट्रोसेल्युलोजची लाख जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर निळ्या रंगात आली. ती काही तासांत वाळे, तऱ्हेतऱ्हेच्या रंगांत मिळे आणि घासून पॉलिश केली की लखलखे. तिचं व्यापारी नाव ड्यूको. आपल्याकडे गॅरेजात आणि सुताराच्या तोंडी 'ड्यूको' हा शब्द आजही आहे. म्हणजे ज्या पदार्थानं गाड्यांना चकाकी दिली, त्याच पदार्थाच्या पातळ थरात चकाकी काढून टाकणारा पहिला स्वस्त पोलरायझर जन्मला.

हेडलाइटच्या योजनेसाठी लँड वीस वर्षं झगडला. या काळात पैसा मिळावा म्हणून चकती इतर कामांसाठी विकावी लागली. १९३४ मध्ये कोडॅक कंपनीनं कॅमेऱ्याच्या फिल्टरसाठी तिची मागणी नोंदवली. आज कारचे फोटो काढणारा जी चकती फिरवतो ती या आडकामाची वंशज. १९३५ मध्ये गॉगल आले. एका बड्या चश्मा कंपनीच्या लोकांना पटवण्यासाठी लँडनं हॉटेलच्या खोलीत उन्हाची तिरीप येणाऱ्या खिडकीत सोनमाशांचं भांडं ठेवलं होतं, अशी गोष्ट सांगतात. नुसत्या डोळ्यांना पाण्यावरची झळाळी, चकतीतून मासे. १९३७ मध्ये त्याची पोलरॉइड कंपनी उभी राहिली. १९३८ मध्ये क्विनीनच्या सुयाही गेल्या. ताणलेल्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या पापुद्र्यावर आयोडीन चढवलं की लांबलचक रेणूच सुयांचं काम करू लागले. आज आपल्या कॅल्क्युलेटरच्या आणि संगणकाच्या पडद्यांवर असतात ते पापुद्रे मूलतः याच जातीचे. बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरचा पापुद्रा सांभाळून सोलला तर शाळेला पोलरायझर फुकट मिळतो.

हेडलाइटचं मात्र जमलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी मोटार कंपन्यांनी योजना नाकारली. कारणं अगदीच खोटी नव्हती. पोलरायझर निम्म्याहून जास्त प्रकाश खातो. त्यामुळे दिवे कितीतरी प्रखर करावे लागले असते, आणि तसे दिवे रस्त्यावर आले की ज्यांच्याकडे चकती नाही अशा जुन्या गाडीवाल्यांचे डोळे आणखीच दिपले असते. म्हणजे योजना लागू करायची तर सगळ्यांना एकदमच. पहिल्यांदा ती बसवणाऱ्याला स्वतःला फायदा शून्य, कारण समोरच्याच्या दिव्यावर चकती असेल तरच आपली काचपट्टी उपयोगी. फायदा दुसऱ्याचा आणि खर्च आपला, असा माल कोण विकणार? आम्हाला वाटतं, भौतिकीत काहीच चूक नव्हती, आणि तरीही योजना बुडाली, हे विद्यार्थ्यांना सांगायलाच हवं. पाठ्यपुस्तकात यशस्वी कल्पनाच तेवढ्या उरतात.

त्याच सुमारास, २१ फेब्रुवारी १९४७ रोजी, लँडनं न्यूयॉर्कमध्ये एका मिनिटात फोटो हातात देणारा कॅमेरा दाखवला. पुढे पोलरॉइड म्हणजे कॅमेरा असं समीकरणच होऊन बसलं आणि कंपनीच्या नावात पोलरायझर का आहे हे लोक विसरून गेले. रस्त्यावर रात्री डोळे दिपायचे ते दिपतच राहिले. आपल्याकडे कित्येक वर्षं हेडलाइटच्या वरच्या भागाला काळा रंग फासून काम भागवत.

शेजाऱ्यांचा फोटो राहिलाच. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला चकती लावून पुन्हा फोटो काढले. एका फोटोत बॉनेटवरची चकाकी पूर्ण पुसली. निळा रंग असा भरून आला की आम्हीच स्वतःवर खूश. शेजाऱ्यांनी फोटो पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "रंग छान आलाय हो. पण पॉलिश कुठंय? गाडी खडूनं रंगवल्यासारखी दिसतेय."

आणि ते बरोबरच होतं. त्यांनी पैसे मोजले होते ते त्या चार टक्क्यांसाठीच. शेवटी चकती अर्धवट फिरवून, बॉनेटच्या कडेला थोडं आकाश राहू देऊन काढलेला फोटो त्यांनी ठेवून घेतला. त्यात दारावर तारेवरचे कपडे दिसतात. झेंडू तोवर सुकला होता.